यादीत राहून गेलेलं नाव

आग लागली तर आधी कुणाला बाहेर काढायचं, ती यादी घरातल्या थोरांनी बचाव-यंत्राला सांगायची, असा शहराचा नवा नियम आला. चंद्राक्कांनी ती ठसक्यात सांगितली होती.

आज भरदुपारी सराव झाला. यंत्राने नातू उचलून आणला, मग मुलगा, मग खुद्द अक्का, देव्हारा, पैठण्यांची ट्रंक. "यादी संपली," म्हणून ते थांबलं.

"अक्का, ट्रंक आली, सून कधी येणार?" शेजारच्या मालूताईंनी सगळ्या इमारतीदेखत विचारलं.

रेवतीला अक्कांनी मुद्दाम वगळलं नव्हतं. ती आठवलीच नव्हती.

चार मजले उतरून रेवती आपली आपणच आली. "अनवाणी उभ्या आहात, पाय पोळतील," म्हणत तिने अक्कांच्या चपला पुढे ठेवल्या.

अक्कांना त्यांत पाय घालवेना.