ब्रेकवरचा पाय

ताईला जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. धाकटी बहीण भावजींकडे आली, तर गॅरेजमधून त्यांचा आवाज आला, "दाब... धरून ठेव. अगं, मी सांगेपर्यंत पाय उचलू नकोस!"

ब्रेकमधली हवा काढताना भावजी चाकापाशी बसायचे आणि ब्रेक दाबायला ताई. तीस वर्षं हेच चाललं होतं. 'तरीच सकाळी फोनवर म्हणाले, आज येऊ नकोस! ताईच्या जागेवर एवढ्यात दुसरी आणून बसवली?' तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने दार ढकललं.



गाडी रिकामी होती. भावजींनी चाकाची नळी बाटलीत बुडवली, गुडघ्यावर हात टेकत ते उठले, आत बसून ब्रेक दाबला आणि स्वतःच म्हणाले, "दाबलाय हो, ओरडता कशाला?"