बागेतले नवे दिवे

"थांबा! सगळे आहात तिथेच थांबा," म्हातारा ओरडला.

बागेत पाचसहा शेजारी धावत होते. जो धावेल त्याच्या डोक्यावरचा दिवा लागत होता आणि तो पुढे गेला की मागे विझत होता. नव्या नियमाचे दिवे होते. आकाशात उजेड जाऊ नये, पाखरांना झोप मिळावी म्हणून नगरपालिकेने बसवलेले. खाली कोणी हललं तरच लागायचे, आणि उजेड त्या माणसापुरता. हल्ली सगळं विसरायला लागलेली म्हाताऱ्याची बायको दिवेलागणीला दार उघडं दिसताच घराबाहेर पडली होती. वॉचमनने तिला फाटकातून आत येताना पाहिलं होतं, बाहेर जाताना नाही. हाका मारून झाल्या होत्या. बागेच्या मधोमध तळं होतं आणि तळ्याला कठडा नव्हता.

"थांबा काय, बाबा?" मुलगी धापा टाकत म्हणाली. "आई पाण्याकडे गेली असली तर?"

"आपण पळतोय म्हणून सगळीकडेच दिवे लागतायत. त्यात तिचा कुठला, कसं कळणार? आपण थांबलो तर तिचा एकटीचा लागेल."

मुलगी वॉचमनकडे वळली. "सगळे एकदम लावता येत नाहीत का हो?"

"तसा खटकाच ठेवलेला नाही, ताई. ज्याचा त्याला दिवा."

"वा! अंधार पाहिजे होता ना सगळ्यांना? घ्या आता. आणि सभेत पहिला हात कोणाचा वर, तर आमच्या बाबांचा."

"जुना दिवा खिडकीतून थेट तिच्या तोंडावर यायचा. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागायचा नाही तिच्या." म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही. "भांडण घरी जाऊन कर. आता हलू नकोस."

सगळे थांबले. मोबाइल खिशात गेले. एकेक दिवा विझत गेला. शेवटी मुलीच्या डोक्यावरचाही विझला, तेव्हा शेजारी उभा असलेला माणूसही दिसेना. कोणीतरी खोकला दाबला.

पाण्यात काहीतरी बुडकन वाजलं.

लगेच दिवा लागला. तो मुलीचाच होता. ती दोन पावलं पुढे गेली होती. म्हाताऱ्याने तिचं मनगट पकडलं.

"मासा असेल," तो म्हणाला.

"आणि नसला तर?"

त्याने मनगट सोडलं नाही. तिची नाडी त्याच्या बोटांना लागत होती. दिवा पुन्हा विझेपर्यंत दोघे तसेच उभे राहिले.

मग तळ्यापलीकडे एक दिवा लागला. खाली ती होती. अनवाणी, पाण्याकडे पाठ करून, अगदी काठावर.

"तू इथेच थांब," म्हातारा मुलीला म्हणाला. "इतकी माणसं बघून ती बिचकेल."

तो काठाकाठाने एकटा निघाला. पळायचं नाही, असं स्वतःला बजावत होता. त्याच्या डोक्यावर एकामागून एक दिवे लागत गेले. तिने ते पाहिले, मग त्याला पाहिलं.

"कोण तुम्ही? पुढे येऊ नका." ती एक पाऊल मागे सरकली. टाच दगडाच्या बाहेर आली.

तो होता तिथेच खिळला. "अगं, मी..."

"आमचे हे येतायत आता. आले की तुमची धडगत नाही, काका. सांगून ठेवते."

त्याने तोंड मिटलं. हात अंगाशी धरले. तीही त्याच्यावर नजर रोखून उभी राहिली. आधी तिच्यावरचा दिवा विझला, मग त्याच्यावरचा.

अंधारात तो हळूच म्हणाला, "ऐकलंस का?"

"अहो!" तिचा आवाज एकदम सैल झाला. "किती उशीर? इथे एक थेरडा उभा होता. टकामका बघत होता नुसता मेला."

"गेला तो."

"मग या ना इकडे. पाय कुठे ठेवावा तेच कळत नाहीये मला."

त्याने पाय उचलला नाही. पाय उचलला की दिवा लागणार होता, आणि दिवा लागला की तो थेरडा परत येणार होता. तिच्या पायाखालून एक खडा सुटला आणि पाण्यात पडला.

"येतो," तो म्हणाला. "आधी डोळे मीट. इथला दिवा फार डोळ्यांवर येतो."

"मिटले."

"घट्ट?"

"मिटले म्हटलं ना! तुमचं आपलं काहीतरीच."

तो निघाला. दिवा लागला. तिने डोळे खरंच गच्च मिटले होते, कपाळाला आठ्या पडेपर्यंत. त्याने तिचा हात धरला आणि तिला काठापासून आत ओढलं. मग दोघे फाटकाकडे चालू लागले. मुलगी समोरून धावत आली. ती काही बोलणार तेवढ्यात त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"आता उघडू का?" बायकोने विचारलं.

"एवढ्यात नको," तो म्हणाला.