बहीण काय म्हणाली

“आधी छोटी बोलेल,” आई म्हणाली, आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिनं खुर्ची जरा मागे ओढली. खाली कारखान्यात पुठ्ठा कापायचं यंत्र धडधडत होतं आणि ऑफिसातल्या टेबलावरचे पाण्याचे पेले त्याच्या ठेक्यावर किणकिणत होते. खालचं सगळं थोरलीच्या गळ्यात. पुठ्ठ्याचे गठ्ठे, कामगारांच्या रजा, खोकी चिकटवायच्या खळीचा तो नाकात बसलेला वास. धाकटी इस्त्रीचे कपडे घालून गिऱ्हाइकांकडे हिंडायची आणि मोठमोठ्या ऑर्डरी आणायची. त्या आल्या की आईचा चेहरा असा खुलायचा, की थोरलीला बघवत नसे. ऑर्डर हिनं आणली, मान्य. पण खोकी काय आपोआप उभी राहिली?

आई आता थकली होती. तिच्या खुर्चीत कोण बसणार, ते आज ठरायचं होतं. छोटी बसली, तर आपण या कारखान्यात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं थोरलीनं मनाशी पक्कं केलं होतं. ते तोंडावर सांगायचं होतं. कितीतरी दिवस ती वाक्यं जुळवत होती.

धंदा वाढला तशी घरात धुसफूस वाढली, म्हणून आईनं एक सल्लागार बोलावले होते. घरच्या धंद्यांना सल्ला देण्यात त्यांचं मोठं नाव आहे म्हणे. हे गृहस्थ नुसते ऐकत बसायचे. फी घेऊन गप्प बसणारा माणूस थोरलीनं पहिल्यांदाच पाहिला. त्यांची मान धाकटीच्या बोलण्यावर जरा जास्तच डोलते, हेही तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

त्यांनी आज एकच नियम घालून दिला होता. एक बहीण बोलली, की ती काय म्हणाली ते दुसरीनं सांगायचं. पहिलीनं ‘हो, हेच’ म्हटलं, तरच दुसरीनं स्वतःचं म्हणणं मांडायचं. थोरलीला हा सगळा पोरखेळ वाटला होता.

धाकटी बोलत होती. छपाईचं नवं यंत्र, अपुरी जागा, असलं काहीतरी. थोरलीचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ती आईकडे बघत होती. आई पुढे झुकून, हनुवटीला हात लावून, शब्द न् शब्द टिपत होती. माझं कधी ऐकलंय असं? मी तोंड उघडलं की हिला नेमका चष्मा पुसायचा असतो.

“ताई,” सल्लागार म्हणाले, “सांगा, तुमची बहीण काय म्हणाली?”

थोरली दचकली. तिला एक वाक्य आठवेना. आईसमोर तसं कबूल करायचीही सोय नव्हती. तिनं घाईघाईनं तोंड उघडलं आणि जिभेवर जे होतं ते बाहेर पडलं.

“ती म्हणाली… कितीही राबा, आईच्या तोंडी नाव दुसरीचंच. दुसरीबद्दल बोलताना आईचा आवाजसुद्धा बदलतो. समोर मी बसलेली असते आणि आईचा कान असतो जिन्याकडे, ती येतेय का म्हणून. खुर्ची गेली खड्ड्यात. एकदा, फक्त एकदा, आईनं माझ्याकडे तसं बघावं.”

बोलून झाल्यावर तिचं तिलाच कळलं. तिचे कान तापले. कुणाला दाखवायचं नाही म्हणून इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं तिनं आपल्या हातानं टेबलावर ओतलं होतं, तेही धाकटीच्या देखत. आता ही हसणार आणि जन्मभर हसत राहणार. आईचा हात हनुवटीवरून खाली आला होता.

सल्लागारांनी काहीही दुरुस्त केलं नाही. ते धाकटीकडे वळले. “हेच म्हणालात ना तुम्ही?”

धाकटी हसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“यातलं एक अक्षरही मी बोलले नाही,” ती म्हणाली. मग ती थोरलीकडे वळली. “ताई, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुला कुठून कळलं?”