निर्दोष मजकूर

"हा मेसेज तुला कुणी पाठवला?" तात्यांनी बायकोचा फोन बहिणीसमोर धरला.

"दादा, वहिनीला जाऊन पंधरा दिवस नाही झाले. कशाला उकरून काढतोस?"

"नाव सांग."

"शेजारच्या शिंपीणबाईंनी. मी वहिनीच्या भल्यासाठीच पुढे पाठवला रे, आईशप्पथ." आणि ती रडायला लागली.

तात्या छापखान्यात प्रुफं तपासायचे. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली. मजकूर वाचायचा नसतो, तपासायचा असतो, असं ते नव्यांना बजावायचे. अर्थामध्ये शिरलात की वेलांटी निसटलीच म्हणून समजा. ही खोड हाडीमाशी खिळलेली. इमारतीची नोटीस असो की वाण्याची यादी, खिशातून लाल पेन निघायचंच. साथीत छापखाना बंद पडला, तेव्हा फोनवर येईल ते दुरुस्त करत बसायचे. लोक हसायचे, पाठीमागे 'काना-मात्रा' म्हणायचे.

बायकोला त्यांनीच शिकवलं होतं, "अफवा ओळखणं सोप्पं आहे गं. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं. तिथे बोंब असली की समज, थापा."

पुढे तिलाच ताप आला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या तिने गुपचूप बंद केल्या, कारण मेसेजमध्ये लिहिलं होतं: गोळ्यांनी फुप्फुसं निकामी होतात, तीन दिवस नुसती वाफ घ्या. चौथ्या दिवशी धापा टाकत ती म्हणाली, "अहो, पण त्यात एकही चूक नव्हती हो."

त्यानंतर ती बोललीच नाही. आता चहाचं पाणी उकळलं तरी तात्यांना तेच वाक्य ऐकू यायचं. गॅस बंद केला तरी यायचं.

शिंपीणबाई दार अर्धवट उघडून म्हणाल्या, "माझ्या भावाने पाठवला. तुमच्याच छापखान्यात बाइंडर आहे ना तो. खात्रीचं आहे म्हणाला, म्हणून मी..."

तात्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटभर ते तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचत राहिले. कसा नेमका अर्धविराम दिला होता! लिहिणारा चांगला शिकलेला होता, मेला. म्हणूनच तर ती फसली.

छापखाना नुकताच पुन्हा सुरू झाला होता. बाइंडर एकटाच पुठ्ठ्यांना खळ लावत होता. तात्यांना बघून त्याचा हात थांबला.

"हा तुला कुठून आला?"

"जाऊ द्या ना, तात्या. बसा, पाणी घ्या."

"माझी बायको गेली रे! ज्याने लिहिला त्याला मी सोडणार नाही."

"नका विचारू. पाया पडतो तुमच्या."

"कुणाला पाठीशी घालतोस? फोन दाखव!"

बाइंडरने हात पुसले. फोन उघडून टेबलावर ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

वर बाइंडरने पाठवलेला मजकूर होता, ओळीओळीत चुका, अर्धविरामाचा पत्ता नाही. खाली त्याचा प्रश्न: 'तात्या, हे खर आहे का?' त्याखाली तात्यांचं उत्तर. तोच मजकूर, काना-मात्रेसकट शुद्ध केलेला, आणि शेवटी तीन शब्द: 'आता बरोबर आहे.'