डोकं म्हटलं की पाय
बोरीच्या अंगणवाडीत भक्तीताई एक उलटा खेळ घ्यायच्या. त्यांनी “डोकं” म्हटलं की मुलांनी पाय धरायचे आणि “पाय” म्हटलं की डोकं. पाच वर्षांच्या ईश्वरीला हे महिनाभर जमलं नव्हतं. मनात काही आलं की तिचा हात आधी उठायचा. कुणाचं खेळणं ओढायचा, कुणाला लागायचा. तक्रारी ऐकून कंटाळलेले तिचे वडील आज अंगणवाडीतून तिचं नाव कमी करायला आले होते. “एक डाव बघा दादा, मग न्या तिला,” असं म्हणून ताईंनी पुकारलं, “डोकं!” ईश्वरीचा हात सवयीनं वर निघाला, कानापाशी आला आणि थांबला. ताईंनी शिकवलेलं “थांब, ऐक, मग कर” ती स्वतःशीच पुटपुटली. ताईंनी श्वास रोखला. ईश्वरी झपकन वाकली आणि तिनं पायाचे अंगठे घट्ट धरले. “जमलं! जमलं की गं!” ताईंनी उडीच मारली, पोरांनी गलका केला. “ह्यात काय एवढं अवघड हाय?” वडील म्हणाले. “मग या की रिंगणात!” ताई म्हणाल्या. ते हसत रिंगणात उभे राहिले. ताईंनी “पाय” म्हटलं आणि वडिलांचे हात थेट पायांवर गेले. पुन्हा डाव झाला, ते पुन्हा चुकले. पोरं खिदळायला लागली. ईश्वरीनं मात्र त्यांचं मनगट धरलं. “अप्पा, घाई नका करू. मी बी लय येळा चुकले.” वडिलांनी खांद्याला अडकवलेलं तिचं दप्तर काढून खुंटीला लावलं आणि ते म्हणाले, “ताई, पुन्हा म्हणा.”