नऊ इंचांचा नफा

कार्लला देऊन टाकलं की झेवियरला याकूब मिळणार होता. कार्ल पाच फूट आठ, याकूब सहा फूट पाच. म्हणजे निव्वळ नफा नऊ इंच. वयाचा हिशोब धरला तर वर अठरा वर्षं.

"आणि याकूबचे गुडघे वाजत नाहीत," झेवियर म्हणाला. सगळे हसले. कार्लही हसला. चहा तोच ओतत होता, कारण घर त्याचं होतं.

शुक्रवारची संध्याकाळ. दुबईतल्या भारतीयांच्या बास्केटबॉल लीगमध्ये सीझनच्या मध्यावर एकदाच खेळाडूंची अदलाबदल होते, आणि तिची मुदत सहाला संपणार होती. ऊद मेथा टायटन्सकडे उंच पोरं चार, पण त्यांना खेळवणारं डोकं एकही नाही. म्हणून त्यांना याकूबच्या बदल्यात कार्ल हवा होता. द्यायचा की नाही, यावर वसई ब्लेझर्सचे आठ कट्टर फॅन अल नहदातल्या कार्लच्याच फ्लॅटमध्ये बसून भांडत होते. ब्लेझर्समध्ये हा निर्णय फॅन लोकांच्या मतावर होतो. खेळाडूंना मत नसतं. समोर बसवून त्यांची उंची मोजली तरी त्यांनी गप्प राहायचं.

"अरे, पण टीम काढली कोणी? यानेच ना?" सदानंद ओरडला. तो पुण्याचा, बँकेतला. तत्त्वाचा एक तरी मुद्दा मांडल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नसे. "लॉयल्टी नाम की कोई चीज आहे की नाही?"

"हबीबी," झेवियर म्हणाला, "लॉयल्टी रिबाउंड नाही घेत. गेल्या चार मॅचमध्ये कार्लचे पॉइंट किती? सात! त्यातले दोन समोरच्या टीमला!"

"तो पास होता," कार्ल म्हणाला.

"बास्केटमध्ये?"

हसता हसता झेवियरच्या धाकट्या भावाला, ॲरॉनला, ठसका लागला. तो टीमचा गार्ड. कार्लनंतर तोच जुना.

कार्लबद्दलची एक गोष्ट मात्र कोणी बोलत नव्हतं. ब्लेझर्सचा रिवाज असा, की शनिवारची मॅच संपली की सगळ्यांचं जेवण सगळ्यात जुन्या खेळाडूच्या घरी. ऊद मेथाच्या हॉलमधून एकोणीस भुकेली माणसं गाड्या भरभरून येणार, आणि तेव्हा मटण गरम हवं. त्यामुळे कार्लच्या बायकोने, सोफियाने, सहा वर्षांत नवऱ्याची एकही मॅच पाहिली नव्हती. कॉलेजात ती स्वतः फॉरवर्ड खेळायची. पण हे कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. मटण वेळेवर मिळत होतं.

पावणेसहाला हात वर झाले. चार द्या म्हणाले, चार नको म्हणाले. मग जो गोंधळ उडाला, त्यात सदानंदचा कप सांडला आणि झेवियर खुर्चीवर उभा राहिला.

"परत मोजा!"

"दहा वेळा मोज, चारच!"

सोफिया किचनमधून पोटॅटो चॉपची प्लेट घेऊन आली. प्लेट टेबलावर ठेवून तिने हात पुसले.

"मत फॅन लोकांना असतं ना? मग मी पण फॅनच आहे. द्या त्याला."

कार्लच्या हातातली किटली तशीच राहिली.

"सोफी?"

"टायटन्स मॅचनंतर काय खातात ठाऊक आहे?" ती त्याला म्हणाली. "शावरमा. हॉलच्या बाहेर. उभ्याने."

कार्लने तिच्याकडे पाहिलं. मग त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तो मनापासून हसला.

झेवियर खुर्चीवरून उडी मारून उतरला. एरवी सोफिया म्हणणारा माणूस, आनंदाच्या भरात थेट वहिनीवर आला. "वहिनी, खऱ्या फॅन तुम्हीच! यल्ला, मेसेज टाका!" सहाला आठ मिनिटं असताना त्याने स्वतः मेसेज टाकला. सहाला चार मिनिटं असताना टायटन्सचं उत्तर आलं. खलास. याकूब वसईचा झाला. बाल्कनीत जाऊन झेवियर अशी शिट्टी मारून आला की खाली पार्किंग शोधत फिरणारा एक माणूस थांबून वर बघू लागला.

तो आत आला तेव्हा सोफिया मटणाचा मोठा टोप घेऊन उभी होती. रिकामा. तिने तो त्याच्या हातात दिला.

"आता सगळ्यात जुना ॲरॉन. तो राहतो तुझ्याकडे. उद्या एकोणीस माणसं."

"अगं, पण व्हिवियनची शनिवारी हॉटेलात ड्यूटी असते!" झेवियरला बायको आठवली.

"मग तू आहेसच की. मीठ शेवटी घाल."

शनिवारी ब्लेझर्स आणि टायटन्सचीच मॅच होती. याकूबने सव्वीस पॉइंट केले. कार्लने नऊ केले, सगळे योग्य बास्केटमध्ये. पहिल्या रांगेत बसून सोफियाने प्रत्येक पॉइंटला दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की रेफरीने दोनदा खेळ थांबवला. तिसऱ्यांदा तो तिच्याजवळ येऊन हात जोडून गेला. वसई अकरा पॉइंटांनी जिंकली, तरी हरलेल्या टीममधला कार्लच जास्त नाचत होता.

झेवियर अल नहदातल्या आपल्या किचनमध्ये टोप ढवळत होता. त्याला मॅच दिसावी म्हणून सदानंदने व्हिडिओ कॉल लावला होता. पण सदानंद पहिल्या मिनिटापासून फोन धरलेला हात वर करून उड्या मारत होता. त्या संध्याकाळी दोनशे माणसांनी याकूबला खेळताना पाहिलं. ज्याने त्याला आणला, त्याने चाळीस मिनिटं हॉलचं छत पाहिलं.