निळा बूट

कडेवर तान्ही, बाबागाडीत अडीच वर्षांचा थोरला, खांद्याला पिशव्या. माहेराहून परदेशी परतताना तिची विमानतळावरच्या रांगेत पुरती तारांबळ उडाली होती. सोडायला आलेले वडील काचेपलीकडून हात उंचावून सारखे हलवत होते. "बाबा, पुरे ना, लोक बघतायत," ती पुटपुटली. हात मोकळा नव्हता, म्हणून मानेनंच 'निघा आता' खुणावून पाठ फिरवली. विमानाच्या दारात बाबागाडी मिटायला थोरल्याला उचललं, तर एकाच पायात निळा बूट! तिला काचेपलीकडचा तो हलणारा हात आठवला. वडिलांच्या हातात काहीतरी निळं होतं खरं. उतरताक्षणी तिनं फोन लावला. "बाबा, मी बघितलंच नाही हो." "असू दे गं, तुझे हात भरलेले होते. बूट कपाटात ठेवलाय, येशील तेव्हा घेऊन जा." "हो," म्हणत तिनं थोरल्याचं उघडं पाऊल मुठीत धरलं. पुढची सुट्टी तीन वर्षांनी होती.